शिकलेले वाया जाऊ नये

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली. सत्कारमूर्तींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते ज्यांची नावे या यादीत आली नाहीत त्यांच्याविषयी. कॉलेजची एक-दोन वर्षे उत्तम रीतीने पुरी केली आणि मग वडिलांची बदली, घरातील आजारपण, नोकरीची निकड किंवा लग्न यांमुळे ज्यांचे शिक्षण मध्येच खुंटले, अशी मुलेमुली आपल्या बहुतेक घरांत आहेत. त्यांनी कष्टाने जे संपादन केले त्याचे पुढे काय होते, हा आजचा विषय.

आजवर या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नव्हते. मुंबईचे विद्यापीठ १८५७ सालचे, नागपूरचे १९२३ सालचे, पुण्याचे १९४९ सालचे. प्रत्येकाची घडण निराळी आणि विषयांची वाटणीही निराळी. एकीकडून दुसरीकडे जावयाचे म्हणजे स्थलांतराचा दाखला, पात्रतेचा दाखला आणि दोन्ही अभ्यासक्रम ताडून पाहणे आले. त्यात काही विषय पुन्हा द्यावे लागत आणि पुष्कळदा अख्खे वर्ष पदरचे जाई. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. दोन ठिकाणची मापे जुळत नव्हती, एवढेच.

हे माप एक करण्याचा प्रयत्न आता सुरू झाला आहे. त्या मापाचे नाव ‘श्रेयांक’. वर्गातील सुमारे पंधरा तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांचा एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार वर्षाला किमान ४० श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आली.

हे श्रेयांक साठविण्यासाठी आयोगाने जुलै २०२१ मध्ये नियम करून ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन केली. आपल्या भाषेत हिला श्रेयांकांची पेढी म्हणू. विद्यार्थ्याच्या नावे तेथे खाते असते आणि त्याने मिळविलेले श्रेयांक त्याची संस्था त्या खात्यात जमा करते. तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या विद्यापीठात गेला तरी त्या शिलकेवर पुढील शिक्षण घेऊ शकतो. आपल्या पूर्वजांपैकी ज्यांनी व्यापार केला त्यांना ही कल्पना नवी वाटली नसती. एका गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी वटत असे. मात्र हुंडी वटावयाची तर ती रीतसर लिहिलेली हवी आणि समोरच्या पेढीने ती स्वीकारावयास हवी. श्रेयांकांचेही तसेच आहे, म्हणून त्यांचे नियम घरोघरी ठाऊक असावेत असे मला वाटते.

पहिला नियम असा की, या पेढीत विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. नोंदणी झालेली शिक्षणसंस्थाच श्रेयांक भरू शकते. दुसरा, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे घेतलेल्या शिक्षणाचेच श्रेयांक येथे चालतात. तिसरा, श्रेयांकाची मुदत साधारणतः सात वर्षे आहे, त्यानंतर तो बाद होतो. चौथा, एका पदवीसाठी खर्ची घातलेला श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाही. पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला आहे. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच विद्यार्थ्याने निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात.

या पाचव्या नियमाचा व्यवहारात काय अर्थ होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. कोल्हापूरची एक मुलगी दोन वर्षे पुरी करून ८० श्रेयांक मिळविते आणि लग्न होऊन नागपुरास जाते. तिला वाटते, १२० पैकी ८० झाले, उरलेले ४० नागपुरात केले की नागपूरची पदवी मिळेल. पण नागपूरच्या पदवीस निदान ६० श्रेयांक नागपूरचे हवेत. म्हणजे कोल्हापूरच्या ८० पैकी २० तेथे निरुपयोगी होतात. तिने पदवी कोल्हापूरचीच घ्यावयाचे ठरविले, तर ही अडचण राहत नाही, कारण निम्म्याहून अधिक श्रेयांक तिने तेथेच मिळविलेले आहेत. मात्र उरलेले विषय नागपुरातून पुरे करण्यास कोल्हापूरच्या संस्थेची संमती हवी. तिने चार वर्षांची पदवी करावयाची म्हटली, तर ८० तेथील आणि ८० येथील, असा हिशेब बरोबर जमतो. शिवाय एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून घेण्याची मुभा संस्था देऊ शकते. मार्ग अनेक आहेत, परंतु गाव सोडण्यापूर्वी जो विचारील त्यालाच ते सापडतील.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खात्यात शिल्लक आहे म्हणून कोणतीही संस्था प्रवेश देण्यास बांधील होत नाही. जागा रिकामी हवी आणि मुख्य विषयाचे ठरलेले श्रेयांक पुरे व्हावयास हवेत. म्हणून कॉलेज बदलण्यापूर्वी नव्या संस्थेला लेखी विचारावे की, आमचे कोणते विषय तुम्ही मान्य कराल आणि कोणते नव्याने करावे लागतील. उत्तरही लेखीच घ्यावे. गुणपत्रकांबरोबर प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवावा, कारण विषय ताडताना तोच कामी येतो. आपल्या कॉलेजने श्रेयांक भरले की नाहीत, हे दर सत्राअखेर डिजिलॉकरमध्ये खाते उघडून पाहावे.

नावाचेही जपावे. हे खाते ‘अपार’ या बारा अंकी क्रमांकाशी आणि तो क्रमांक आधारशी जोडलेला असतो. आपल्याकडे कॉलेजच्या दप्तरी आडनाव आधी, आधारवर शेवटी, कोठे वडिलांचे नाव आहे, कोठे नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. लग्नानंतर तर मुलीचे सबंध नावच बदलते. नावात तफावत पडली की हक्काचे श्रेयांक तिच्या खात्याशी जुळविणे कठीण होते. माझी सूचना अशी की, शिक्षण पुरे होईपर्यंत मुलीचे कागदोपत्री नाव बदलण्याची घाई करू नये. संसार दोन्ही नावांनी सुखाचा होतो!

आता मनातील एक भीती बोलून दाखवितो. नव्या आराखड्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, त्यासाठी वेगळा चार श्रेयांकांचा व्यवसायविषयक अभ्यास करावा लागतो. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी योजना आहे. सोय चांगली आहे. पूर्वी मध्येच थांबणाऱ्याच्या हाती काहीच राहत नसे. परंतु ‘प्रमाणपत्र मिळाले ना, मग पुरे झाले’, असे म्हणून मुलीला घरी बसविण्यास हीच सोय निमित्त होण्याचा संभव आहे. हे दार परत येणाऱ्यासाठी उघडे ठेवलेले आहे. आपण त्यातून मुलींना बाहेर धाडून मागून कडी लावली, तर दोष कायद्याचा नसून आपला ठरेल.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. आपल्या वधूवर सूचीत शिक्षण, उंची, पगार यांचे रकाने आहेत. त्यात ‘अपुरे राहिलेले शिक्षण आणि ते पुरे करण्याची मुदत’ असा आणखी एक रकाना घालावा, आणि तो वधू व वर दोघांसाठीही असावा. बैठकीत मानपानाची बोलणी होतात, तशीच उरलेले श्रेयांक कोठे आणि केव्हा पुरे होणार याचीही व्हावीत. दुसरी सूचना, मंडळाच्या विद्यार्थी निधीतून आपण पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, ती द्यावीतच. परंतु त्यातील काही भाग खंड पडल्यानंतर पुन्हा प्रवेश घेणाऱ्यांच्या शुल्कासाठी राखून ठेवावा. तिसरी, आपल्यात प्राध्यापक आहेत आणि विद्यापीठांच्या कचेऱ्यांत काम केलेले सेवानिवृत्त बंधुभगिनीही आहेत. त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत मंडळाच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ बसून मुलांची कागदपत्रे पाहावीत. या कामास पैसा लागत नाही, आस्था लागते.

ज्यांचे शिक्षण २०२१ पूर्वी थांबले त्यांना या पेढीचा उपयोग नाही, हे खरे. परंतु त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. तेथे घर आणि नोकरी सांभाळून शिकता येते. वय झाले म्हणून त्यांनी संकोच करू नये.

ज्ञातिबांधवहो, हुंडीची मुदत उलटली की ती नुसता कागद उरते. आपल्या लेकीसुनांच्या आणि मुलांच्या खात्यावर आज जी शिल्लक आहे, तिची मुदत चालू आहे. येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरात एवढेच विचारावे की, कुणाचे काही शिकावयाचे राहिले आहे काय, आणि किती वर्षे हाती उरली आहेत? उत्तर मिळताच त्याच आठवड्यात कॉलेजची पायरी चढावी. पुढील संमेलनात अशा परतून आलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याची संधी मंडळास लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.