वायफाय दिसेना? नवा लॅपटॉप घेण्याआधी तीन तपासण्या

पोशीरच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

गटाचा हिशोब आम्ही जुन्या लॅपटॉपवर ठेवतो. त्यात लिनक्सचं उबुंटू आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. बँकेत कर्जाचे कागद पाठवायच्या वेळीच त्याचं वायफाय गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "कार्ड गेलं, नवा लॅपटॉप घ्या." पण गटाचा पैसा म्हणजे प्रत्येकीने पोटाला चिमटा काढून टाकलेली बचत. म्हणून आम्ही आधी क्रमाने तपासलं. वही-पेन घ्या, तो क्रम सांगतो.

पहिलं, वायफाय नुसतं बंद तर नाही? विमानाचं चित्र असलेला एअरप्लेन मोड चालू असेल, तर बंद करा. काही लॅपटॉपला बाजूला वायफायचं बटणही असतं. मग कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत 'आरएफकिल लिस्ट' लिहा. स्पेलिंग आर, एफ, के, आय, एल, एल. वायफायपुढे 'सॉफ्ट ब्लॉक्ड येस' आलं, तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' लिहा. 'हार्ड ब्लॉक्ड येस' आलं, तर ते बाजूचं बटण सरकवा.

दुसरं, कॉम्प्युटरला कार्ड दिसतं का? त्याच खिडकीत एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरं सलग लिहा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' आणि वायरलेस कार्डाचं नाव आलं, म्हणजे कार्ड दिसतंय. नाव आलंच नाही, तर कार्ड सैल किंवा खराब असू शकतं. तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे जा.

तिसरं, कार्ड दिसतं पण चालत नाही. म्हणजे गाडी दारात उभी, पण चालक नाही. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हरच म्हणतात. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना तो वेगळा घालावा लागतो. पण त्यासाठी इंटरनेट हवं, आणि वायफाय तर बंद! इथे मोबाईल कामाला येतो. मोबाईल केबलने जोडा, डेटा चालू करा, सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळेल. मग 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा.

आमचं अडलं होतं ते या तिसऱ्या पायरीवर. कागद वेळेत गेले, पैसा गटातच राहिला. आणि घाई असेल, तर ड्रायव्हर नंतर बघा; मोबाईलच्या केबलवरूनही कागद जातात.

हा क्रम कागदावर लिहून गटाच्या कपाटात चिकटवा. एकीलाच येऊन उपयोग नाही, दोघी-तिघींनी करून बघा.