चेहऱ्याचा ताळेबंद
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणारे नाही. तथापि, ‘आठ्या घालविणारे इंजेक्शन आपल्याकडे मिळते काय?’ ही विचारणा चौकशी कक्षात वारंवार होऊ लागली आहे आणि धर्मादाय रुग्णालयाने या वाटेला जावे काय, असा प्रश्न काही विश्वस्तांनी उपस्थित केला आहे. म्हणून आमच्या तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडतो.

हे औषध मुळात विष आहे. बिघडलेल्या अन्नात वाढणाऱ्या एका जिवाणूपासून ते निघते. मज्जातंतूने स्नायूला दिलेला आकुंचनाचा निरोप ते मध्येच अडविते, त्यामुळे स्नायू सैलावतो. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो आणि साधारणतः तीन ते चार महिने टिकतो. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते प्रथम तिरळेपणासाठी वापरले. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्या अनावर मिटण्याचा विकार यांसाठी त्यास मान्यता मिळाली; भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता २००२ सालची. म्हणजे रोगनिवारण आधी, सौंदर्य नंतर. हा क्रम विश्वस्तांनी ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

आता मुख्य मुद्दा. चेहऱ्याचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत असतात. त्यांच्या जमेत व नाव्यात मेळ असतो, असे आम्हांस आमच्या भाषेत म्हणावेसे वाटते. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र अनेक. कपाळाचा स्नायू फार सैल केला, तर खालची ओढ बिनविरोध उरते आणि भुवया खचतात. त्याचा मधला भागच सैल करून कडा मोकळ्या ठेवल्या, तर भुवयांची बाहेरील टोके वर चढतात व मुद्रा नाटकातील खलपुरुषासारखी दिसते. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपले, तर पापणी काही आठवडे अर्धवट मिटलेली राहते. याला उतारा म्हणजे वाट पाहणे, एवढाच बहुतांशी असतो.

वयस्कर मंडळींची गोष्ट आणखी निराळी. पापण्या ओघळल्या की नीट दिसावे म्हणून माणूस नकळत दिवसभर भुवया उचलून धरतो. कपाळावरच्या आडव्या रेषा ही अनेकदा त्या श्रमाची खूण असते. रेषा पुसल्या आणि तो आधार गेला, की डोळ्यांवर ओझे येते. म्हणून इंजेक्शनापूर्वी कपाळ नव्हे, पापणी तपासावी, असे आमचे नेत्रतज्ज्ञ बजावतात.

आणि भावनेचे काय? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत. आपली मराठीही कपाळाला आठ्या घालते, भुवया उंचावते, नाक मुरडते. आईच्या कपाळावरची आठी पाहून मूल सावरते. मात्रा अति झाली, की हे बोलणे तेवढ्यापुरते बंद पडते. शिक्षक, कीर्तनकार, नट यांनी तरी याचा विचार करूनच निर्णय घ्यावा.

याच औषधाची दुसरी बाजू आम्हांस अधिक मोलाची वाटते. चेहऱ्याच्या लकव्यातून उठल्यावर काही रुग्णांचे मज्जातंतू चुकीच्या जागी जुळतात; हसू गेले की डोळा मिटतो. त्या डोळ्याभोवती थोडे औषध दिल्यास हसू आणि डोळा वेगळे होतात. कधी निरोगी बाजूचा जोर किंचित कमी करून दोन्ही बाजू समतोल केल्या जातात. अर्धा चेहरा अनावर फडफडणाऱ्या रुग्णासही याचाच आधार असतो. अशा माणसाला लग्नकार्यात जाणे नको होते. त्यास कोणी ‘हौस’ म्हणू नये.

म्हणून आमची शिफारस अशी: विकारासाठीचे उपचार प्रथम सुरू करावेत आणि हौसेचे उपचार पूर्ण दराने, वेगळ्या वेळी ठेवावेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. तो निधी लकव्याच्या गरीब रुग्णापर्यंत पोहोचावा. प्रत्येकाची भुवया उचलताना, डोळे घट्ट मिटताना व हसताना छायाचित्रे आधी काढावीत. मुळातच असलेला उणा-अधिकपणा पुष्कळांना इंजेक्शनानंतरच आरशात दिसतो आणि तक्रार आमच्या टेबलावर येते. निरनिराळ्या कंपन्यांची युनिटे परस्परांशी जुळत नाहीत, हेही नोंदपत्रकावर ठळक छापावे.

खर्चाविषयी एवढेच. कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे एक कुपी एकाच रुग्णासाठी असते. उरलेले औषध टाकून देणे आमच्या लेखापालांना फार खुपते. तरीही ते टाकलेच पाहिजे. यास्तव लहान, ५० युनिटांच्या कुप्या मागविण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे ठेवला आहे.