वाट आधी, भाव मागून



चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत किरायाची गाडी हा चैनीचा विषय कधीच नव्हता. ताडोब्याला निघालेले पुण्या-मुंबईचे पाहुणे नागपूरच्या विमानतळावर उतरतात, त्यांना गाडी लागते. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायला येणाऱ्या शिक्षकांच्या गटाला गाडी लागते. आणि धानोरा किंवा एटापल्लीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तपासणीसाठी नागपूरला न्यायचे झाले, तर त्या घरालाही गाडीच सांगावी लागते. रेल्वेचा मोठा मार्ग चंद्रपूर-बल्लारपूरवरून दक्षिणेकडे निघून जातो. चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला आजवर एकच चालू स्टेशन आले आहे, ते म्हणजे वडसा. नागपूर-नागभीड ही जुनी नॅरोगेज रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि उमरेड-भिवापूर पट्ट्यातला प्रवासीही रस्त्यावर आला. एसटीचे म्हणाल, तर एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरी भागात लाल बस पोहोचायला १ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

तेव्हा गाडी सांगणे आले. आणि गाडी सांगताना आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘किलोमीटरचे किती घेता?’ माझे सांगणे इतकेच आहे, की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी वाट ठरवावी, मग वेळ, मग गाडी आणि चालक. हे सगळे ठरले की भाव आपोआप कळतो, आणि तो वाजवी आहे की नाही हेही कळते.

वाटेपासूनच सुरुवात करू. ‘नागपूर ते ताडोबा’ एवढे सांगून गाडी ठरवणारे पुष्कळ जण असतात. पण ताडोबा म्हणजे एक दार नव्हे. कोअर भागाचीच मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी अशी प्रवेशद्वारे आहेत, बफरची दारे आणखी वेगळी. कोलाऱ्याला जायचे तर नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर अशी वाट आहे आणि अंतर सुमारे ११० किलोमीटर. मोहर्लीला जायचे तर जाम, वरोरा, आणि पुढे भद्रावती किंवा चंद्रपूर. सफारीचे आरक्षण ज्या दाराचे, त्याच दारातून आत जाता येते. पाहुण्यांनी कोलाऱ्याची सफारी घ्यायची आणि चालकाने सवयीने गाडी मोहर्लीला लावायची, हा गोंधळ इथल्या लोकांना नवा नाही. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जंगलाला बाहेरून वळसा घालायचा, तर दीड-दोन तास सहज जातात. तेवढ्यात सकाळची फेरी संपत आलेली असते. म्हणून गाडी सांगताना ‘ताडोबा’ म्हणू नका. दाराचे नाव आणि मुक्कामाच्या गावाचे नाव सांगा. आणखी एक खुलासा करतो. तुम्ही केलेली गाडी कोअर जंगलात जात नाही. तिथे नोंदणी केलेल्या जिप्सी आणि सोबत गाइड. कोअर भाग मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही बंद असतो. गाडी ठरवण्याआधी कॅलेंडर पाहिलेले बरे.

गडचिरोलीकडे वळलो, की वाटेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. नागपूरहून गडचिरोली गाव उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरीमार्गे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पण ‘गडचिरोलीला जायचे आहे’ असे म्हणणाऱ्याला खरे तर हेमलकशाला जायचे असते. ते गडचिरोलीच्याही पुढे, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली ओलांडून भामरागडच्या अलीकडे. नागपूरहून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. सिरोंचा आलापल्लीपासून दुसऱ्या दिशेला, आणखी शंभरेक किलोमीटर दूर, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर. तिथून पूल ओलांडला की तेलंगण. काळेश्वरला दर्शनाला जायचे असेल, तर गाडीचे परमिट दुसऱ्या राज्यात चालते का, आणि चालत नसल्यास तिकडचा कर कोण भरणार, हे निघण्याआधीच विचारावे. नाक्यावर उभे राहून हुज्जत घालण्यात काय अर्थ आहे?

पावसाळ्यात मात्र वाट आपण ठरवत नाही, नद्या ठरवतात. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात ठरलेले आहे. वरती भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की इकडे वैनगंगा फुगते आणि तिला मिळणारे नाले मागे सरतात. आकाश निरभ्र असते, तरी रस्ता बंद असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गाडी ठरवताना एक अट आधीच बोलून घ्यावी. वाटेत अडकून मुक्काम वाढला, तर त्या दिवसाचे काय द्यायचे? आणि गाडीवाला म्हणाला, ‘पुलावर पाणी आहे, मी गाडी घालणार नाही,’ तर त्याच्याशी वाद घालू नये. तो तुमचाच जीव वाचवत असतो.

आता वेळ. महामार्गावर किलोमीटरवरून वेळ काढता येतो. आपल्याकडे तो हिशेब फसतो. घुग्घूस, राजुरा, बल्लारपूर या बाजूला कोळशाचे ट्रक, सूरजागडच्या खाणीमुळे आष्टी-आलापल्ली बाजूला लोहखनिजाचे ट्रक. त्यांच्या मागे लागलात की साठ किलोमीटरला दोन तासही लागतात. आलापल्लीच्या पुढे मोबाइलची रेंज कधी आहे, कधी नाही. आलापल्लीतच टाकी भरून घ्यावी आणि घरी फोनही तिथूनच करावा. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. अंधार पडल्यावर अस्वल, रानडुक्कर, कधी वाघही गाडीसमोर येतो. म्हणून जंगलातल्या वाटेने, विशेषतः आलापल्लीच्या पलीकडे जायचे असेल, तेव्हा दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोहोचाल असा बेत करावा. नागपूरहून पहाटे निघून हेमलकसा पाहून रात्री परत, असे कागदावर मांडता येते. पण ते सातशे किलोमीटर एकाच चालकाने चालवायचे आहेत, हे कागद सांगत नाही.

यावरून गाडी आणि चालकाकडे येतो. गाडी समोर आली की आधी नंबरप्लेट पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील, तर ती प्रवासी वाहतुकीची गाडी. पाटी पांढरी असेल, तर ती कोणाची तरी घरची गाडी. पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतील, तर ती आपण स्वतः चालवण्यासाठी किरायाने मिळणारी. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. तिच्यावरची अक्षरे पिवळी असतील तर ती किरायाची. खेड्यात पांढऱ्या पाटीची गाडी ‘पेट्रोल टाका आणि वर थोडे द्या’ म्हणून मिळते. ओळखीचा माणूस असतो, दोन पैसे वाचतात, मोह होतो. पण भाडे घेऊन अशी गाडी चालवणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढते. जखमी माणसाच्या घरच्यांनी मग कोणाकडे बघायचे? एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की तिची नोंदणी, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. दोन मिनिटांचे काम आहे. करून टाका.

चालकाबद्दल आपण सर्वांत कमी विचारतो. वास्तविक सगळ्यांत जास्त त्याच्याचबद्दल विचारायला हवे. तो या वाटेने पूर्वी गेला आहे का? सिरोंच्याकडे जायचे तर त्याला थोडी तेलुगू येते का? आणि मुख्य म्हणजे, काल रात्री तो कुठे होता? आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या नाटक मंडळ्या रोज नव्या गावी प्रयोग लावतात आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या गाड्या रात्रभर जागतात. पुढे लग्नसराई येते. या दिवसांत गाड्यांची आणि चालकांचीही ओढाताण असते. रात्री वऱ्हाड सोडून आलेला चालक पहाटे चारला तुमच्या दारात उभा राहतो, ‘चला साहेब’ म्हणतो, आणि त्याचे डोळे तांबडे असतात. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा सांगत आला, की अशा चालकाकडून दिवसाला आठ तासांहून जास्त काम घेऊ नये आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. हा नियम पाळला जातो का, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. पण गाडी सांगणारा पाळायचे ठरवील, तर तो निदान त्या एका गाडीपुरता पाळला जाईल.

आणि चालक झोपणार कुठे? ताडोब्याचा हंगाम भरात येतो तो एप्रिल-मेमध्ये. पाणवठे आटतात, वाघ दिसतो आणि चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. पाहुणे रिसॉर्टच्या थंड खोलीत, आणि चालक गाडीची काच खाली करून डासांत. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या लेकराबाळांना घेऊन दीडशे किलोमीटर गाडी हाकणार असतो. बऱ्याच रिसॉर्टमध्ये चालकांसाठी खोली असते. मुक्काम ठरवताना एका वाक्यात विचारा. नसेल तर जवळच्या गावात त्याच्या झोपण्याची सोय करायला पैसे द्या.

आता राहिला भाव. बाहेरगावच्या गाडीचा हिशेब बहुतेक ठिकाणी असा असतो: रोजचे कमीत कमी अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरायचे, गाडी तेवढी फिरो न फिरो. त्यावर चालकाचा रोजचा भत्ता. टोल आणि पार्किंग वेगळे. किलोमीटर मोजायला सुरुवात तुमच्या दारापासून नाही, गाडी जिथे उभी असते तिथपासून. यात लबाडी काही नाही, रीत आहे. पण ती आपल्याला माहीत हवी.

उदाहरण घेऊ. भाव नुसता हिशेबासाठी धरतो, किलोमीटरला १४ रुपये. नागपूरहून कोलाऱ्याला गेलात, दोन रात्री राहिलात, तिसऱ्या दिवशी परत आलात. गाडी तिथेच ठेवली तर तीन दिवसांचे ९०० किलोमीटर धरले जातील, म्हणजे १२,६०० रुपये, शिवाय तीन दिवसांचा भत्ता. प्रत्यक्षात गाडी धावली जेमतेम सव्वादोनशे. त्याऐवजी जाताना एक आणि येताना एक अशा दोन गाड्या केल्या, आणि प्रत्येकीने रिकामी फेरी धरून २२० किलोमीटर लावले, तर मिळून ६,१६० रुपये होतात. तीनशेच्या किमान हिशेबाने लावले तरी ८,४००. मधल्या दिवशी तुम्ही जिप्सीतच फिरणार असता. गाडी झाडाखाली उभी ठेवण्याचे पैसे कशाला द्यायचे? हेमलकशाचे गणित मात्र नेमके उलटे आहे. तिथे गाडी सोबतच ठेवावी. परत यायला तिकडे ऐनवेळी गाडी मिळेल, या भरवशावर राहू नये.

रुग्ण न्यायचा असेल, तर किरायाच्या गाडीआधी १०८ क्रमांक लावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. बाळंतिणीसाठी १०२. गाडीवाल्याशी घासाघीस करत बसण्याची ती वेळ नव्हे. तपासणीला नेहमी जावे लागत असेल, तर मात्र गावातल्या दोन-तीन घरांनी मिळून एकच दिवस धरावा. खर्च विभागला जातो.

आणि हे सारे ठरले की गाडीवाल्याला मोबाइलवर एक निरोप लिहून पाठवा: कोणत्या वाटेने, कोणत्या गावापर्यंत, किती वाजता, कोणती गाडी, एसी सगळा वेळ चालू की नाही, किमान किलोमीटर किती, भत्ता किती, टोल कोणाचा, ॲडव्हान्स किती दिला. त्याचे ‘हो’ आले की बोलणे पक्के. गाडीवाल्याशी भांडणे होतात ती बहुधा लबाडीमुळे होत नाहीत, न बोललेल्या गोष्टींमुळे होतात.

श्रोतेहो, एखादा गाडीवाला दुसऱ्यापेक्षा किलोमीटरला दोन रुपये स्वस्त सांगतो, तेव्हा ते दोन रुपये कुठून वाचले हे त्याला विचारा. ते विम्यातून वाचले असतील, टायरमधून वाचले असतील, किंवा चालकाच्या झोपेतून. यांपैकी एकही काटकसर आपल्या जंगलातल्या रस्त्यावर परवडणारी नाही. पुढच्या वेळी गाडी सांगाल, तेव्हा वाट आधी विचारा, चालकाची झोप विचारा, आणि भाव मागून विचारा.