विमानाचे तास आणि मुठेचं पाणी

मुठा खोऱ्यातली आणि पौड-पिरंगुटकडची कितीतरी पोरं हल्ली अमेरिकेत असतात आणि आईवडील त्यांच्याकडे जाऊन-येऊन असतात. जावं, जरूर जावं. पण तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका, एवढंच मला आज सांगायचंय.

समजा, हिवाळ्यात मुंबईहून रात्री एकला निघालात आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी सातला उतरलात. म्हणजे सहा तास? अहो, साडेसोळा! निघायची वेळ मुंबईच्या घड्याळातली, पोचायची न्यूयॉर्कच्या. हिवाळ्यात दोन्हींत साडेदहा तासांचा फरक असतो. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे सरकवतात, तेव्हा साडेनऊ.

आता परतीचं. तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी एकला मुंबईत. पंचवीस तास म्हणून घाबरू नका, साडेदहा वजा करा. साडेचौदाच!

अंतर तेच, साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. मग येताना लवकर कसं? कुणी म्हणतं, पृथ्वी फिरते म्हणून. नाही हो, हवाही तिच्याबरोबरच फिरते! आपली मुठा नदी आठवा. टेमघर धरणाच्या बाजूनं लोंढा आला की पोहणारा हात तेवढेच मारतो, पण प्रवाहाबरोबर काठावरची झाडं भराभर मागे पडतात आणि उलट गेलं की एकच झाड हलता हलत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला असाच वाऱ्याचा लोंढा वाहतो, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. मुठा पावसाळ्यात फुगते, हा हिवाळ्यात. पोहणारा जसा काठाकाठानं धार चुकवतो, तसा वैमानिकही जाताना हा लोंढा चुकवायला बघतो.

त्यात वाटही बदलते. 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं स्वतःचं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि पश्चिमेच्या फेऱ्यांना वळसा पडला.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: दोन वेळा, दोन गावांची घड्याळं. तिकिटावर प्रत्येक विमानाचे उड्डाणाचे तास बहुधा वेगळे छापलेले असतात, ते बघा. त्यात मुठा घाट, द्रुतगती मार्ग, मुंबईची गर्दी आणि विमानतळावरचे आधीचे तीन तास तुमचे तुम्ही मिळवा. एका विमानातून उतरून दुसरं गाठायचं असेल तर मधला मुक्कामही.

आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनो, डोसच्या वेळा ठरवायला डॉक्टरांपुढे नुसतं तिकीट ठेवू नका. घरातून निघाल्यापासून लेकीच्या दारात पोचेपर्यंतचे तास कागदावर लिहून न्या आणि औषध हातातल्या पिशवीतच ठेवा.