हवेची मोजणी आणि प्राथमिक शाळा
(शिक्षक संमेलनातील भाषण)



अन्न नासले की त्यास वास येतो, पाणी गढूळ झाले की ते डोळ्यांस दिसते. हवा मात्र बिघडली तरी पुष्कळदा दिसत नाही, आणि दिसली तरी ती टाळता येत नाही. श्वास घेतल्यावाचून मनुष्य काही मिनिटेही राहू शकत नाही. यास्तव हवा शुद्ध राखणे हे एकट्या गृहस्थाच्या हातचे काम नसून शासनाचे व समाजाचे कर्तव्य ठरते. ते कर्तव्य कसे पार पाडले जात आहे आणि त्यात प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम लंडन शहराचे उदाहरण पाहू जाता त्यातून मोठा बोध मिळतो. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखांस त्या शहरावर धूर व धुके यांचे दाट पटल पसरले. थंडी कडक होती, वारा पडला होता आणि घरोघरी ऊब येण्यासाठी दगडी कोळसा जळत होता. त्या आपत्तीत सुमारे ४,००० माणसे दगावली असा अंदाज प्रथम करण्यात आला. पुढील संशोधकांनी तो आकडा १२,००० च्या घरात नेला. धुराची मोजणी तेथे त्यापूर्वीही होत असे. परंतु मोजणीने धूर कमी झाला नव्हता. १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला, धूरबंदीचे विभाग ठरले आणि घरातील कोळशाची शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून देण्यात आला. हवा सुधारू लागली ती धूर जेथे निघत होता तेथे उपाय झाल्यावर. तापमापकाने ताप कळतो, उतरत नाही. त्यास औषधच लागते.

भारतात हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९८१ मध्ये झाला आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशव्यापी मोजणीस आरंभ केला. या मोजणीची जुनी रीत अगदी साधी आहे. गाळणकागद आधी तोलतात, ठरावीक हवा त्यातून ओढून घेतात व तो पुन्हा तोलतात. वजनातील वाढ म्हणजे हवेतील धूळ. अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ वेळा, मोजणी करण्याचा दंडक आहे. पुढे रात्रंदिवस आपोआप मोजणारी यंत्रे आली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवेच्या गुणवत्तेचे पूर्वानुमान देणारी ‘सफर’ ही व्यवस्था उभारली. ती २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात व २०१५ मध्ये मुंबईत सुरू झाली.

२०१५ मध्येच राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांक जनतेपुढे आला. त्यात धूलिकणांचे दोन प्रकार, शिसे व पाच वायू अशा आठ घटकांचा विचार होतो. मात्र निर्देशांक ही त्यांची सरासरी नव्हे. जो घटक सर्वांत वाईट, त्याचाच अंक शहराचा अंक ठरतो. एका विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्यास इतर विषयांच्या गुणांवर पुढे ढकलू नये, तसाच हा न्याय होय. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम. त्यापुढे ती वाईट, अतिशय वाईट व गंभीर अशी उतरत जाते.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात पुढे १३१ शहरे आली. मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली ही नावेही त्या यादीत आहेत. या कार्यक्रमाने शहरांस निधी व उद्दिष्ट दोन्ही दिले, हे त्याचे श्रेय होय. परंतु शहरांची प्रगती मुख्यतः दहा मायक्रॉन व्यासापर्यंतच्या धूलिकणांवरून जोखण्यात आली. परिणामी निधीचा मोठा हिस्सा रस्त्यांवरील धूळ आवरण्याकडे गेला. अधिक घातक ते अडीच मायक्रॉनांखालील कण. ते फुप्फुसात खोलवर शिरतात आणि बहुतांशी इंधन व कचरा जळण्यातून उपजतात. ज्या धड्यावर प्रश्न येतो तोच धडा पाठ होतो, हे शिक्षकांस सांगावयास नको. काय मोजावयाचे हे ठरविताना काय सुधारावयाचे हेही ठरून जाते. झाडूने धूळ हटते, धूर हटत नाही.

उगमावर उपाय केल्याची उदाहरणे भारतातही आहेत. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. एप्रिल २०२० पासून वाहनांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. हे निर्णय एकदा झाले आणि त्यांचा लाभ प्रत्येक मुलास न मागता मिळाला.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा या शहरी प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. धुरास नगरपालिकेची हद्द ठाऊक नसते. शिवाय वाढत्या शहरांच्या कडेस आज कितीतरी शाळा आहेत. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते व त्याचे फुप्फुस अद्याप वाढत असते. म्हणून जवळच्या केंद्राचा निर्देशांक उपलब्ध असेल तेथे तो परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहावा, आणि तो वाईट असेल त्या दिवशी धावण्याचे खेळ न घेता वर्गातील खेळ घ्यावेत. दमेकरी मुलांची नावे वर्गशिक्षकास ठाऊक असावीत. व्हॅसलीन लावलेले दोन पांढरे कागद, एक रस्त्याच्या बाजूस व एक मागील अंगणात, आठवडाभर आडोशास ठेवून भिंगाने पाहिल्यास मुलांस धुळीतील फरक दिसतो. मात्र जे दिसते ती जाड धूळ. सर्वांत घातक कण दिसत नाहीत, हेही त्याच तासाला सांगावे.

आणि शाळेच्या आवारातील पालापाचोळा पेटविण्याची प्रथा प्रथम बंद व्हावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. तरी सकाळच्या सफाईनंतर काडी ओढण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. त्यासाठी खड्डा खणून खत करावे, ते शाळेच्या बागेस उपयोगी पडते. पोषण आहार अद्याप लाकडाच्या चुलीवर शिजत असल्यास गॅसजोडणीची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने लेखी करावी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या छातीत रोज जाणारा धूर कोणत्याही केंद्रावर मोजला जात नाही.

शासनाने मोजावे, उगमावर उपाय करावा आणि त्याचा हिशेब जनतेस द्यावा. तो हिशेब वाचून योग्य प्रश्न विचारणारा नागरिक घडविणे हे शाळेचे काम आहे. फळ्यावरचा आकडा वाचून “गुरुजी, हा धूर कुठून येतो?” असे ज्या दिवशी एखादे मूल विचारील, त्या दिवशी या कामास आरंभ झाला असे समजावे.