एक बरोबर, दोन बरोबर

आपल्यातले निम्मे कॉम्प्युटरवाले आहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं. बाकीच्यांनी घाबरू नये, विषय एका चिन्हाचाच आहे.

शाळेत आपण शिकलो की ‘बरोबर’ म्हणजे दोन्ही बाजू समान. सी भाषेत मात्र एक बरोबर म्हणजे ‘उजवीकडची किंमत डावीकडे ठेव’, आणि लागोपाठ दोन बरोबर म्हणजे ‘समान आहे का?’ पहिला हुकूम, दुसरा प्रश्न. प्रश्नाच्या जागी चुकून हुकूम लिहिला तरी सी तो निमूट मान्य करते. मीठ आणि साखर एकसारख्या डब्यांत ठेवण्यातलाच हा प्रकार.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वाचताना वाटावं, वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, एवढंच विचारलंय. पण बरोबर एकच! म्हणजे ठरावीक रीतीने हाक मारली की क्रमांक शून्यच होणार, आणि शून्य क्रमांकवाला म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. ही प्रत मूळ कोडशी जुळेना, म्हणून लबाडी वेळीच पकडली गेली.

आमचे सीवाले मित्र म्हणतात, ‘अरे, कंपायलर इशारा देतोच की!’ देतो ना, पण भोवती एक जादा कंस घातला की गप्प बसतो. त्या ओळींत तो कंस होता.

गिडो व्हान रॉसम यांच्या पायथनने कडक धोरण ठेवलं. अटीत एक बरोबर दिसलं की चूक, पुढे जायचंच नाही. सुरक्षित खरं, पण कधीकधी एका ओळीचं काम दोन ओळींत करावं लागे. २०१८ साली तोड निघाली ती अशी, की बरोबरच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. आडवं पाहिलं तर वॉलरसचे डोळे आणि सुळे, म्हणून नावही वॉलरस! त्यालाही बंधन आहेच. नुसत्या ओळीत, कंसाशिवाय ते चालत नाही. वाद मात्र इतका पेटला की मंजुरी दिल्यावर त्याच जुलैत गिडोंनी अंतिम निर्णयाचा आपला अधिकारच सोडला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत हे चिन्ह आलं.

मी वॉलरसच्या बाजूचा. सोय काढून घेऊ नये, पण हुकूम प्रश्नासारखा दिसू देऊ नये.

आपली मुलं विचारतात, ‘काका, आधी कुठली भाषा शिकू?’ मी पायथन सांगतो. आणि सी शिकाल तेव्हा अटीत शून्य डावीकडे लिहा. दिसतं उलटं, पण एक बरोबर विसरलात तर कंपायलर तिथेच अडवेल, कारण शून्यात काही ठेवता येत नाही!