यकृताचा विकार आणि श्वास

धाप लागली म्हणजे मनुष्य उठून बसतो. हृदयविकाराचा रोगी तर रात्र उशांना टेकून काढतो. परंतु एक विकार असा आहे, की त्यातील रोग्यास उभे राहिल्यावर दम लागतो आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. त्याचे मूळ छातीत नसून यकृतात असते, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल.

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या नऊ-दशांशाइतकाच भरतो. निरोगी मनुष्यास याची जाणीवही होत नाही. मात्र ज्याच्या रक्तात प्राणवायू आधीच बेताचा, त्याची शिल्लक तेथे आणखी घटते. अशा वेळी दोष जातो तो गार हवेला, धुळीला, नाहीतर दम्याला.

दारूने म्हणा, काविळीच्या विषाणूने म्हणा, यकृत वर्षानुवर्षे पोखरले गेले की काही रोग्यांच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या सैल पडतात. नायट्रिक ऑक्साईड हा वायू तेथे प्रमाणाबाहेर निर्माण होणे, हे त्याचे एक मुख्य कारण मानतात. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. निरोगी केशवाहिनीतून ती जेमतेम वाट काढते आणि जाता जाता प्राणवायू उचलते. वाहिनी रुंदावली की रक्ताचा लोंढा घाईने निघून जातो व मधल्या पेशी रित्याच परततात. सैल वाहिन्या बहुधा फुप्फुसांच्या तळाशी असतात आणि मनुष्य उभा राहिला की रक्तही तिकडेच उतरते. नखे निळसर होणे, बोटांची टोके फुगणे, ही लक्षणे फ्ल्यूकिगर याने १८८४ मध्येच नोंदवली होती. रोगाला आजचे नाव मिळाले ते १९७७ मध्ये.

२०२०च्या महामारीपासून बोटाला लावायचे प्राणवायुमापक पुष्कळ घरांत आले आहे. यकृताच्या रोग्याने निजून आणि उभे राहून, असे दोन्ही आकडे टिपून वैद्यास दाखवावे. आकडा चांगला आला म्हणजे शंका मिटली असे मात्र नव्हे. प्रारंभी धमनीतील रक्त तपासल्यावाचून उणीव कळत नाही. पुढे खारे पाणी हवेसह घुसळून शिरेत सोडतात. त्यातले बुडबुडे फुप्फुसांत अडकावयास हवेत. ते तीन ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूस दिसले, तर वाहिन्या सैल झाल्याचे उघड होते.

रोग हटविणारे औषध अद्याप नाही. प्राणवायूच्या नळीने आधार मिळतो. खरा उपाय यकृतारोपणाचा. १९९४च्या कायद्याने त्यास चौकट दिली, आणि कर्नाटकात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप ‘जीवसार्थकते’ ही शासकीय संस्था पाहते. नवे यकृत बसल्यावर पहिल्या दिवसांत प्राणवायू कधी अधिकच घसरतो आणि घरची मंडळी धास्तावतात. सैलावलेल्या वाहिन्या पूर्ववत होण्यास पुष्कळदा सहा महिने, क्वचित वर्षही लागते. तोवर नळी खाटेजवळच राहते.